शिवणझरीचा निवृत्त फीडर

आरोप तुमच्यावर आहे. नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही बदली करून घ्याल आणि खुर्ची तेवढी मागे उरेल. त्या खुर्चीत बसलेल्या, बसून गेलेल्या आणि बसायला टपलेल्या सगळ्यांवरच हा आरोप आहे. माणसं नांदत असलेली वसाहत तुम्ही रिकामी म्हणून लिहिलीत. मग असं यंत्र मागवलंत की ज्यात तुमची थाप एकदा शिरली की कुणाच्या बापाला ती बाहेर काढता येऊ नये. आणि माणूस मेल्यावर छाती पुढे काढून म्हणालात, "यंत्रणेत चूक आढळलेली नाही."

आढळणार कशी? चूक यंत्राबाहेर होती, पायघोळ पडद्यांच्या खोलीत, चहाच्या कपाशेजारी. आता ऐका.

यशोधरा दुर्गे ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणझरी कॉलरीची, म्हणजे कोळसा खाणीच्या वसाहतीची पोरगी. बाप खाणीत होता. मोठी बहीण सुमेधा त्याच खाणीत डंपर चालवणाऱ्या देवानंद वनकरला दिली. यशोधरा नागपूरला शिकली आणि राज्याच्या वीजभार नियंत्रण केंद्रात लागली. तिथं जे पाच जण 'अचूक' नावाची संगणकप्रणाली लिहीत होते, त्यातली ती एक. कॉलरीत तिच्या नोकरीचे पेढे वाटले गेले तेव्हा देवानंदभाऊजी खोकत खोकत सगळ्यांना सांगत होते, "आता आपली लाइन गेली तर सरळ साळीले फोन लावाचा."

हसले सगळे. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

'अचूक' कशासाठी आलं, हे समजायला त्याआधीचा गोंधळ ठाऊक हवा. मधली काही वर्षं वीजवाटप बोलक्या यंत्रांच्या हाती होतं. साहेब आरामात म्हणायचा, "पूर्वेकडचा भार जरा कमी कर," आणि यंत्र अदबीनं "हो सर" म्हणून एका प्रसूतिगृहाची वीज तोडायचं. काय समजलं, का समजलं, कुणाला पत्ता नाही. दोनतीनदा असं झाल्यावर वरून फर्मान सुटलं की बोलणं बंद, बटणं बंद, रंगीत पडदे बंद. काळी खिडकी, लुकलुकणारी खूण आणि माणसानं बोटांनी लिहिलेली आज्ञा. आज्ञाही मराठीत. आणि ती आज्ञा यंत्रापर्यंत पोचण्याआधी 'अचूक' तपासणार.

तपासणार म्हणजे काय? घरातल्या तीन पिनांच्या प्लगाचं उदाहरण घ्या. तो दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही. रागावलात तरी नाही, साहेबाची ओळख सांगितली तरी नाही. त्याचा आकारच बसत नाही. 'अचूक'मध्ये प्रत्येक गोष्टीला असा पक्का आकार होता. त्याला ते लोक 'प्रकार' म्हणत. रुग्णालयाचा फीडर हा एक प्रकार, वस्तीचा दुसरा, कारखान्याचा तिसरा. फीडर म्हणजे उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी तार आणि तिचा खटका. रुग्णालयाच्या प्रकाराला 'तोड' ही आज्ञाच नव्हती. कुणी 'अचूक तोड' लिहून पुढं रुग्णालयाचं नाव टाकलं, तर खिडकी थंडपणे उत्तर द्यायची: "ही आज्ञा लिहिता येत नाही." 'मनाई आहे' असंही नाही म्हणायची. मनाई मोडता येते. जे लिहिताच येत नाही ते मोडणार कसं?

अवस्थांचंही तसंच. चालू फीडरला 'तोड' लागू. तोडलेल्याला 'जोड' लागू. निवृत्त फीडरला काहीच लागू नाही. मढं जाळून आल्यावर त्याला कुणी औषध लिहून देत नाही, तसं. गणिती सिद्धता होती, प्रमाणपत्र होतं. सगळ्या उपकेंद्रांतले हातानं टाकायचे खटके उपटून काढले होते, म्हणजे कुणा लाइनमनलाही शहाणपण करायला वाव नको. माणसाचा प्रकार त्याला न विचारता ठरवून टाकायची विद्या या देशाला जुनीच होती. संगणकाला ती नव्यानं शिकवली, एवढंच.

सात वर्षांपूर्वी खाण बंद पडली तेव्हा कंपनीनं क्वार्टरं खाली करायची नोटीस लावली. काही लोक गेले. ज्यांना जायला जागा नव्हती ते राहिले, आणि असे बरेच होते. देवानंदभाऊजींची छाती कोळशाच्या धुळीनं भरलेली. ऑक्सिजन बनवणाऱ्या विजेच्या मशीनला नळी लावून ते दिवसभर खाटेवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायचे. कागदावर मात्र शिवणझरी रिकामी झाली. 'अचूक'मध्ये माहिती भरली गेली तेव्हा वरून आलं तेच आत गेलं: शिवणझरी, प्रकार 'बंद खाण'.

त्या मे महिन्यात ऊन नेहमीसारखं कोरडं नव्हतं. चंद्रपूरचा माणूस सत्तेचाळीस अंशाला भीत नाही; दुपट्टा गुंडाळतो, कांदा खिशात टाकतो आणि निघतो. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग निवतं. पण समुद्रावरून सरकत आलेली दमट हवा त्या आठवड्यात विदर्भावर झाकणासारखी बसली होती. घाम अंगावरच राहायचा. घाम उडाला नाही की शरीराला उष्णता टाकायला जागा नाही. माणूस स्वतःच्याच तापात शिजतो. कूलरही अशा हवेत नुसतं पाणी शिंपडतो. कायदा होता की हवा या पातळीला गेली की वस्तीची वीज तोडायची नाही. तो कायदा 'अचूक'च्या प्रकारांत विणलेला होता. यशोधरानं स्वतः विणला होता. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

त्या दिवशी दुपारी वीजनिर्मितीचा एक मोठा संच बंद पडला. जाळं कोसळू द्यायचं नसेल तर भार उतरवणं भाग होतं. पाळीवर होते रज्जाकभाई, केस पांढरे, तोंडात कायम सुपारी. वस्ती तोडता येत नव्हती, रुग्णालय तोडता येत नव्हतं, कारखाने आधीच तोडून झाले होते. खिडकीनं उरलेली नावं समोर ठेवली. त्यात शिवणझरी होती. 'बंद खाण' या प्रकाराला एकच आज्ञा लागू होती, 'निवृत्त कर'. रज्जाकभाईंनी ती लिहिली. खिडकी म्हणाली, "आज्ञा सुरक्षित आहे." जाळं वाचलं. केंद्रात टाळ्या वाजल्या.

तासाभरानं यशोधराचा फोन वाजला.

"यशे, लाइन गेली," सुमेधाताई म्हणाली.

"येईल ताई. आज सगळीकडेच..."

"सगळीकडं नाही गेली. पलीकडं सिमेंटवाल्याच्या बंगल्यावर एसी गुरगुरून राह्यला. आपलीच गेली. मशीन बंद हाय. सिलेंडर लावला हाय एक, तो किती पुरते?"

"दुसरा आण ना चंद्रपूरहून."

"शेजारच्या सोनबानं चार दुकानं पालथी घातली. या गरमीत सिलेंडर सोन्यापेक्षा महाग, अन् तोही नाही. तू बोलून दे न तिथं. तूच बनवलं म्हणते ना ते?"

मागून भाऊजींचा आवाज आला, तुटक तुटक, पण चेष्टेचाच. "साळीले म्हणा... बिल भरलं हाय आमचं."

तिनं काळ्या खिडकीत शिवणझरीची अवस्था विचारली. निवृत्त. 'जोड' लिहून पाहिलं. "ही आज्ञा लिहिता येत नाही." ही ओळ तिनंच दोन वर्षांपूर्वी बसवली होती, शब्दही तिचेच होते.

ती तडक तन्मय घारपुरेंच्या खोलीत गेली. घारपुरे 'अचूक'चे प्रमुख. हुशार माणूस, आवाज कधी न चढणारा. अशी माणसं जास्त धोक्याची.

"सर, शिवणझरीत माणसं राहतात."

"नोंदीत नाहीत."

"माझी बहीण राहते. तिचा नवरा ऑक्सिजनवर आहे. मी आत्ता बोलले."

घारपुरेंनी चष्मा काढला. "वाईट वाटतं. पण निवृत्तातून चालूकडे वाट नाही, हे तुला मी सांगायला नको."

"वाट नाही म्हणजे आपण लिहिली नाही. लिहू या. एक नवी आज्ञा, पाच ओळी."

"पाच ओळींनी सिद्धता मोडते यशोधरा. निवृत्त परत जिवंत होऊ शकतो म्हटलं की त्यावर उभं असलेलं सगळंच नव्यानं सिद्ध करावं लागेल. प्रमाणपत्र रद्द. परवा तीन राज्यांचे लोक हे बघायला येतायत. त्यांना काय दाखवू, भोक?"

"माणूस मरेल सर."

"मग रुग्णवाहिका बोलाव. ते आपलं काम नाही, पण माझ्या फोनवरून बोलाव हवं तर."

तिनं बोलावली. रुग्णवाहिकांच्या यंत्रणेनं पत्ता विचारला आणि सांगितलं की त्या ठिकाणी वस्ती नाही, जवळच्या वस्तीचा पत्ता द्या. तिनं सिमेंट कंपनीच्या बंगल्याचा पत्ता दिला. सांगण्यात आलं की उष्माघाताचे रुग्ण फार आहेत, क्रमांक लागल्यावर कळवू.

"सर, वस्ती म्हणून नवा फीडर जाहीर करते. त्याच खटक्यावर. निवृत्ताचा खटका मोकळा धरला जातो."

"कर की. नियमात बसत असेल तर मी कोण अडवणार?"

त्यांना ठाऊक होतं. वस्तीच्या प्रकाराला जनगणनेचा गटक्रमांक लागत होता, आणि रिकाम्या वसाहतीला गटक्रमांक नसतो. कारखान्याला परवाना लागत होता. रुग्णालयाला नोंदणी. ती जागेवर येऊन एकेक प्रकार लावून बघत होती आणि खिडकी एकेक दार बंद करत होती. शेजारी रज्जाकभाई उभे राहिले. त्यांना एव्हाना कळलं होतं आपल्या बोटांनी काय झालंय ते. सुपारी थुंकून आले होते.

"मॅडम, एक राहिला ना अजून," ते म्हणाले.

"कोणता?"

"मागच्या वर्षी साहेबलोकांनी घुसवला तो. दौरा."

'अतिविशिष्ट दौरा' हा प्रकार. मंत्री कुठंही उतरतील, माळावर, जंगलात, स्मशानात. तिथं वीज हवीच. म्हणून त्याला ना गटक्रमांक, ना परवाना. ठिकाण, वेळ आणि मुदत, बस. मुदत जास्तीत जास्त आठ तास. माणसाला वीज मिळायला तो मोजला गेला असल्याचा पुरावा हवा. मंत्र्याला फक्त येण्याची शक्यता पुरे.

"खोटं होईल हे," ती म्हणाली.

"प्रकारात बसते का?"

"बसतं."

"मग मशीनच्या लेखी खरंच. आतापर्यंत तिनं कधी जाऊन पाहिलं बरं?"

तिनं लिहिलं. अचूक जाहीर, दौरा, शिवणझरी, आत्तापासून, आठ तास. खिडकी म्हणाली, "आज्ञा सुरक्षित आहे."

फोनवर ताईचा आवाज आला. "आली व बाई, आली. मशीन लागली." आणि मग फोन बाजूला ठेवून ती रडली, ते यशोधरानं ऐकलं.

पण दौरा हा नुसता फीडर नव्हता. आपल्याकडे मंत्र्याच्या विजेमागून काय काय निघतं, ते ठाऊक आहेच. 'अचूक'नं इमानदारीनं इतर यंत्रणांना कळवलं. रात्री मुदत संपताच यशोधरानं आणखी आठ तास लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात रडू आणि हसू दोन्ही होतं.

"यशे, इथं पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. रस्त्याच्या कडंनं चुना टाकून राह्यले. नालीत पावडर मारली. सात वर्षांत कुत्रं नाही फिरकलं इकडं. तुह्ये भाऊजी त्या फौजदाराले म्हणते, 'मंत्री मीच हावो, बोला.'"

"तो काय म्हणाला?"

"सलाम ठोकता ठोकता राह्यला. अन् ॲम्बुलन्स बी हाय, मोठी, आत पलंग, सिलेंडर, सारं काही. मी डॉक्टरले म्हटलं, यायले घेऊन चला चंद्रपूरले. तो म्हणते, ही गाडी ताफ्याची हाय, पेशंटसाठी नाही."

"फोन दे त्याला."

डॉक्टर तरुण असावा. "मॅडम, मला समजतं. पण मंत्री आले आणि गाडी जागेवर नसली तर माझं काय? ते येऊन गेले की नेतो मी यांना. शब्द देतो."

मंत्री येणारच नाहीत, असं सांगावं तर वीज जाते. न सांगावं तर गाडी हलत नाही. तिनं फोन ठेवला आणि पुढच्या आठ तासांचा दौरा लिहिला. खरा मंत्री असता तर इतका वेळ शिवणझरीत थांबला नसता.

अकराच्या सुमाराला मंत्रालयातून घारपुरेंना फोन आला. मंत्री दिल्लीत आहेत, मग चंद्रपुरात कोणाचा दौरा चाललाय? घारपुरेंना शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी यशोधराला बोलावलं नाही की जाब विचारला नाही. सरळ कामाला बसले, सोबत दोघांना घेतलं. दौऱ्याच्या प्रकाराला सचिवांच्या सहीची अट जोडली, सगळं नव्यानं सिद्ध केलं, वरच्या लागतील त्या सह्या मिळवल्या आणि दुपारच्या जेवणाआधी नवी आवृत्ती राज्यभर लागू केली. यशोधरानं आदल्या दिवशी पाच ओळी मागितल्या होत्या, तेव्हा सिद्धता मोडत होती. आता मोडली नाही. मंत्र्याच्या नावाला चिखल लागला की गणित लवचीक होतं, हे तिला कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

चालू असलेला दौरा सहीशिवायचा, म्हणून आपोआप रद्द झाला. शिवणझरीचा खटका पडला.

"सर, रद्द करण्याआधी त्यांना ॲम्बुलन्समध्ये तरी..." ती दारातून ओरडली.

"तू खोटी आज्ञा लिहिलीस," घारपुरे म्हणाले. "माझ्या यंत्रणेत. मी तुला मुलीसारखं..."

"मुलीसारखं वागवलंत ना? मग आत्ता फोन करा. ताफा परत फिरायच्या आत. तुमच्या एका शब्दानं तो डॉक्टर नेईल."

घारपुरेंनी फोन उचलला. हे सांगायलाच हवं. तो माणूस राक्षस नव्हता. पण दौरा रद्द झाल्याचा निरोप त्याआधीच गेला होता. पोलीस गेले, चुन्याची गाडी गेली, ॲम्बुलन्सही गेली. यंत्रणेनं तिला जवळच्या, नोंदीतल्या वस्तीत पाठवलं होतं. डॉक्टरनं जाताना एक सिलेंडर गुपचूप उतरवून ताईच्या दारात ठेवला. तेवढी एकच गोष्ट त्या दोन दिवसांत कुणी कुणाला न विचारता केली.

ताईनं सोनबाच्या मालवाहू टेम्पोत गादी टाकली, सिलेंडर टाकला, नवऱ्याला उचलून घेतलं. ताडपत्रीखाली भट्टी पेटल्यासारखं होतं. भाऊजी बोलायचे थांबले होते. चंद्रपूरच्या वाटेवर, भद्रावतीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी कोळशाची होती, लांबलचक. ती संपली तेव्हा देवानंद वनकरही संपले होते.

चौकशी समिती नागपुरात बसली. तिघं जण. खोली इतकी थंड की शिपायानं स्वेटर घातला होता. यशोधरा निलंबित, तिच्यावर आरोप एकच, खोटी आज्ञा. सुमेधाताई बाहेर थांबायला तयार नव्हती. शिपायानं अडवलं तेव्हा ती म्हणाली, "माह्या नवऱ्याचं हाय ते आतमध्ये," आणि सरळ आत येऊन भिंतीशी उभी राहिली. तिला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "शिवणझरी इथं कोणताही दौरा ठरलेला नव्हता. तरी तुम्ही तो जाहीर केलात. मान्य?"

"मान्य."

"कारण?"

"माणसाला श्वास हवा होता."

"ते भावनिक झालं. आम्ही तांत्रिक चौकशी करतोय. यंत्रणेत दोष आढळलेला नाही. उलट, यंत्रणेनं प्रत्येक पावलावर बिनचूक काम केलं."

"केलं," यशोधरा म्हणाली. "मीच लिहिलीय ती. प्लग सॉकेटात बसतो की नाही एवढं ती बघते. प्लगमागं घर आहे का, ते बघणं तिचं काम नव्हतं. ते तुमच्याकडून लिहून आलं होतं."

"तुम्ही विषयांतर करताय."

"नाही साहेब. जिथं मंत्री नव्हता तिथं मी मंत्री आहे असं लिहिलं. एका दिवसात तुम्ही मला धरलंत, नावानिशी, वेळेनिशी. बरोबर केलंत. आता दुसरी खोटी आज्ञा घ्या. जिथं माणसं होती तिथं कुणीतरी माणसं नाहीत असं लिहिलं. सात वर्षं झाली. तो कोण?"

उजवीकडचे सदस्य कागद सारखे करू लागले. डावीकडचे म्हणाले, "ती माहिती संबंधित विभागाकडून आली होती."

"विभागाला हात नसतात. लिहिलं कुणी?"

"मिस दुर्गे, प्रश्न आम्ही विचारायचे आहेत."

"मग विचारा ना. माझ्यासमोर विचारा. त्या विभागाला फोन लावा, स्पीकरवर टाका. मी माझ्या खोट्याखाली सही करते, आत्ता, इथं. त्यानं त्याच्याखाली करावी."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. समिती योग्य वेळी..."

भिंतीशी उभी असलेली सुमेधाताई पुढं आली. टेबलाच्या कडेवर तिनं दोन्ही तळवे टेकले. आवाज चढलेला नव्हता. आठवडाभर रडून तो बसला होता.

"मी शिकलेली नाही, साहेब. मले ते प्रकार-बिकार समजत नाही. आमच्या दारापुढं चूल पेटत होती, दोरीवर कपडे वाळत होते, हे माणूस खाटेवर बसून साऱ्या रस्त्याले हाका मारे. रिकामं हाय म्हणून लिहाले कोण आलतं पाहाले? एकदा तरी आलतं का कोणी? योग्य वेळ नका सांगू. नाव सांगा. मी उभी हावो."